जोशीमठला निघताय? आपल्याकडची माणसं दरवर्षी करतात त्या चुका टाळा

मे महिन्यात आर्णी-यवतमाळकडे पारा 45 ला टेकला की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, पाच दिवसांत बद्रीनाथ, हेमकुंड अन् फुलांची घाटी, तिन्ही होते ना?" नाही होत. गेली नऊ वर्षं मी तालुक्यातल्या लोकांना घेऊन उत्तराखंडातल्या जोशीमठला जातो आहे. दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोशीमठला फक्त चहापुरतं थांबणं. ऋषिकेशहून पहाटे निघायचं, अडीचशे किलोमीटरचा घाट चढून संध्याकाळी जोशीमठ गाठायचं आणि मग कोणीतरी म्हणतं, "45 किलोमीटर तर राहिलं, बद्रीनाथलाच झोपू ना." जरा हिशेब करा. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटरवर. जोशीमठ 1,890 च्या आसपास, घांगरिया (फुलांची घाटी आणि हेमकुंड करायला जिथे मुक्काम करतात ते गाव) 3,050, बद्रीनाथ 3,100 आणि शिखांचं तीर्थ हेमकुंड 4,300 मीटरच्या घरात. हेमकुंडावर हवेचा दाब आपल्यापेक्षा जवळपास 40 टक्के कमी, म्हणजे श्वासागणिक प्राणवायूही तेवढाच कमी. शरीराला त्याची सवय होते, पण सवय व्हायला दिवस लागतात, तास नाही. शेतात राबणाऱ्यालाही यात सूट नाही. उलट दणकट माणूस भरभर चढतो आणि तोच आधी फसतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यात एक काकाजी होते, वय 58, पऱ्हाटीच्या वावरात दिवसभर उभं राहणारा माणूस. परतीचं रिझर्वेशन जवळ आलं होतं, म्हणून मी जोशीमठचा मुक्काम कापला. निर्णय माझा होता आणि चुकीचा होता. घांगरियाला पोचलो त्या रात्री काकाजी जेवले नाहीत. डोकं दुखते म्हणाले. "पित्त झालं असन बाप्पा. मले काही होत नाही." काकूंनी इनो पाजला. सकाळी सगळ्यांसोबत हेमकुंडाला निघाले. सहा किलोमीटरची वाट आहे, पण त्यात हजार मीटरहून जास्त चढ आहे. अर्ध्या वाटेत वारं सुटलं म्हणून ते स्वेटरची बटणं लावायला लागले. बटण लागेना. अंगठा आणि बोट काजापाशी जायचं, हुकायचं, परत जायचं, परत हुकायचं. चेहऱ्यावर वैतागसुद्धा नव्हता, जणू हात दुसऱ्याचेच होते. पुढे पाऊल टाकलं ते वाकडं पडलं. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस झोकांड्या खात होता.

तेव्हा मला कळलं की हे पित्त नव्हे, उंची बाधली आहे. पालखीवाल्यांना गाठून तिथूनच मागे फिरवलं. घांगरियातही थांबलो नाही, थेट खाली, वाट जिथून सुरू होते त्या गोविंदघाटापर्यंत उतरवलं. 1,800 मीटरवर आल्यावर रात्री त्यांनी स्वतःहून चहा मागितला, तेव्हा काकू पहिल्यांदा रडल्या. आणखी तासभर वर चढलो असतो तर काय झालं असतं, हे मनात आलं की अजूनही झोप उडते.

तेव्हापासून जोशीमठला दोन रात्री, कोणी कितीही कुरकुर करो. त्या दिवसांत नृसिंह मंदिर बघायचं. हिवाळ्यात बद्रीनाथाची पूजा इथेच होते. मग शंकराचार्यांच्या ज्योतिर्मठाजवळचा कल्पवृक्ष, म्हणजे तुतीचं जुनं झाड. गावातले चढउतार पाय मोकळे करायला पुरेसे आहेत. पुढे घांगरियाला आधी फुलांची घाटी आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड. उलट क्रम मी कधीच करत नाही. रोज संध्याकाळी व्हरांड्यातल्या फरशीच्या रेघेवर प्रत्येकाला टाचेला अंगठा भिडवत दहा पावलं चालायला लावतो. पोरं हसतात, हसू देत. ज्याचं डोकं दुखतं तो वर चढत नाही, ज्याचा तोल जातो तो लगेच खाली उतरतो. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर आपल्या डॉक्टरला विचारून, शेजाऱ्याच्या खिशातली नाही.

दुसरी चूक परतीच्या तिकिटाची. पांढरकवडा-हिंगणघाटकडच्या माणसाला 'सात नंबर' म्हटलं की नागपूर-हैदराबाद रोड आठवतो. त्याचा नंबर आता 44 झाला आणि 7 हा आकडा बद्रीनाथच्या महामार्गाला गेला. त्या सरळसोट रस्त्याच्या हिशेबाने इथलं अंतर मोजू नका. पावसाळ्यात पिपलकोटीच्या पुढे पागल नाल्यात मलबा आला की गाडी जिथे उभी तिथेच राहते. एका ऑगस्टमध्ये आम्ही पिपलकोटीत दोन रात्री काढल्या आणि दिल्लीहून नागपूरची अकरा तिकिटं वाया गेली. म्हणून परतीच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवतो. आणि "रात्रीतून काढ ना गाडी" म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागणारा माणूस पुढच्या वर्षी माझ्यासोबत नसतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. चारधामची नोंदणी सक्तीची आणि फुकट आहे, ती गावातूनच करून निघा, तिथे कोणा एजंटला पैसे देऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या टपावरच्या बॅगेत नको, अंगावरच्या पिशवीत हव्या. नवे बूट महिनाभर वावरात वापरून मगच आणा. चढाच्या दिवशी उपास नको, देव रागावत नाही. बद्रीनाथच्या तप्तकुंडात दहा-दहा मिनिटं बसू नका, बाहेर येताच चक्कर येते. जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे जानेवारी 2023 मध्ये बंद पडला, त्यामुळे रस्त्यानेच जायचं धरून चला. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घरीच ठेवा. तोंड भरलेला माणूस पाणी पीत नाही, वर त्या वाटेवर थुंकतो.

गावाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. जोशीमठ जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलंय, हे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 मध्येच सांगितलं होतं. जानेवारी 2023 मध्ये शेकडो घरांना भेगा पडल्या, कुटुंबंच्या कुटुंबं हलवावी लागली. आम्ही उतरतो त्या घरच्या आजींनी भिंतीतली भेग सिमेंटने बुजवली आहे आणि तिच्यावर पेन्सिलने तारीख घातली आहे. रोज सकाळी त्या तिथून बोट फिरवतात. आमच्यातल्या एकाने त्या भेगेपुढे सेल्फी काढला, तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. मी त्याला फोटो पुसायला लावला. मलब्यात पाणी मुरू नये म्हणून तिथे नळ उघडा सोडू नका, आणि भेगांचे फोटो काढू नका.

राहिला मुहूर्त. पेरणीआधी मोकळीक असते म्हणून सगळे मे महिना धरतात. पण घाटी 1 जूनला उघडते, फुलं भरात येतात जुलै-ऑगस्टात, आणि मेच्या मध्यात हेमकुंडाची वाट बर्फाखालीच असते. नुसतं बद्रीनाथ करायचं तर मे चांगला. फुलंही बघायची तर बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आटोपला की निघा. तेव्हा डवरणी-निंदणं उरकलेलं असतं, सोयाबीन सोंगायला वेळ असतो, पाऊस उतरणीला लागतो आणि घाटीत फुलं शिल्लक असतात. मागून पितृपक्ष येतो, बद्रीनाथच्या ब्रह्मकपालावर पिंडदान करायचं असेल त्यांचंही साधतं. यंदाही आम्ही तेव्हाच निघतोय, बारा दिवसांसाठी. अकरा दिवसांत बसवा म्हणून दोघांचे फोन येऊन गेले. त्यांना नाही म्हणून सांगितलं.