मुरूडचा आणि नवाबाच्या बागेचा इतिहास पुण्यात बसून कसा लावावा

मुरूडवर लिहायला घेतले की हात आपोआप जंजिऱ्याकडे वळतो. किल्ला, मुरूड गाव आणि टेकाडावरचा नवाबाचा राजवाडा यांचे कागद मात्र वेगवेगळ्या दप्तरांत आहेत आणि वेगवेगळ्या काळांतले आहेत. किल्ल्याची जुनी कीर्ती बागेला लावली की सगळे लिखाण फसते. म्हणून तीन वह्या घाला आणि एकीतली नोंद दुसरीत पुराव्याशिवाय नेऊ नका.

पहिले काम नावाचे. मुरूड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातले, दुसरे दापोली तालुक्यात हर्णैजवळचे, महर्षी कर्व्यांचे गाव. ‘जंजिरा’ हा शब्द तर कुठल्याही जलदुर्गाला लागतो. कागदात ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ असे सर्रास येते. आपल्याला हवा तो जंजिरे मेहरूब. शोधताना ‘मुरूड’ एवढ्यावर थांबू नका. दंडाराजपुरी, हबसाण, हबशी, शामल हेही शब्द पाहा, कारण मराठी पत्रांत सिद्दीचा, म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाच्या घराण्याचा, उल्लेख बहुधा असाच येतो. जुन्या छापील यादीत जिल्हा ‘कुलाबा’ म्हणून बघा. रायगड हे नाव १९८१ चे.

आधी छापील साधने संपवा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड, कुलाबा आणि जंजिरा, १८८३ चा आहे आणि राज्याच्या गॅझेटियर विभागाने तो ऑनलाइन ठेवला आहे. त्यात गाव, बंदर, जकात, पीकपाणी सगळे मिळते. पण १८८३ नंतर उभे राहिलेले त्यात सापडणार नाही. उदाहरणार्थ, रत्नागिरीचा खंड १८८० चा आणि ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा तिथे पोहोचला १८८६ ला, म्हणून त्या खंडात त्याचा मागमूस नाही. खंडात नाही म्हणजे नव्हते, असे लिहिण्याआधी त्याचे साल बघा.

मग रियासतकार सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ निवडक खंड. १७३३ ला सुरू झालेली जंजिऱ्याची मोहीम आणि १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सात या सरदाराला मारले ती लढाई, यांचा पत्रव्यवहार त्यात आहे. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात खंड चाळा आणि त्यानंतरच काउन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात अस्सल रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले मूळ कागद, मागवा. तिथे पेन चालत नाही, शिसपेन न्या. बोट ओले करून पान उलटू नका. एक खूणगाठ बांधा: पेशव्यांच्या दप्तरात सिद्दी शत्रू म्हणून येतो. त्याच्या घरचा, बागेचा हिशेब तिथे नाही. संस्थानी काळातल्या इमारतींसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारातली राजकीय खात्याची दप्तरे पाहावी लागतात.

सगळ्यात जास्त चुका तारखेत होतात. मोडी पत्राच्या शेवटी ‘छ ७ जमादिलाखर, सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ’ अशी ओळ असते. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. पुढचा सन एककापासून वाचायचा: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११६१. सुहूर सन मृग लागला की बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या साली जमादिलाखर जानेवारीत आला, म्हणून १७६१. ही पानिपतची तारीख, १४ जानेवारी. महिना मुसलमानी दिसला म्हणून हाच आकडा हिजरी धरला तर १७४८ निघते आणि सगळे प्रकरण तेरा वर्षे मागे सरकते. फसली, म्हणजे महसुली सनाला, ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शकाला ७८, आणि पौषात जानेवारी लागल्यापासून ७९. मूळ ओळ आणि काढलेली तारीख दोन्ही वहीत शेजारी ठेवा. चूक पुढे कधीही सापडली तरी दुरुस्त होते.

जमिनीच्या नोंदीत ‘आगर’ आणि ‘बाग’ एक समजू नका. आगर म्हणजे नारळ-सुपारीचे उत्पन्नाचे ठिकाण, त्यावर धारा बसतो. हौद, कारंजे, फुलझाडे ही वाड्याची बाग निराळी. क्षेत्र बिघ्यात असेल तर २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा. काठीची लांबी काळानुसार बदलली आहे, त्यामुळे थेट एकर करू नका. ब्रिटिश मोजणीनंतर ४० गुंठ्यांचा एकर आणि गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तिथे अडचण नाही. जुना गाव नकाशा भूमी अभिलेखकडून आणि फेरफार तलाठी किंवा तहसील कार्यालयातून नकलेने मिळतात. फेरफाराच्या अर्जात सर्व्हे नंबर द्या.

झाडेही साक्ष देतात. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, १८२० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या नजरेला आला. तो उभा असलेली रांग त्याआधीची असूच शकत नाही. विलायती शिरीष दक्षिण अमेरिकेतला, सुरू ऑस्ट्रेलियाकडचा. ज्या सुरूच्या रांगेवरून मुरूडची पुळण ओळखली जाते ती शिवकालीन चित्रात रंगवू नये. पान, फूल आणि फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून आणली की कोरेगाव पार्कच्या वनस्पती सर्वेक्षण कार्यालयातल्या नमुन्यांशी पडताळता येते. नुसते पान पुरत नाही.

शेवटी ताम्हिणीमार्गे मुरूड. पावसाळ्यात होड्या बंद असतात. बंदराचा जुना धक्का ओहोटीला बघावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहा, ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. राजवाडा खासगी मालकीचा आहे, आत सोडत नाहीत. आधी लेखी विनंती करा. नकार आला तर रस्त्यावरून दिसते तेवढेच टिपा आणि वहीत ‘बाहेरून पाहिले’ असा शेरा मारा.