दुधाच्या टाकीची पातळी स्क्रीनवर: क्यूटीमध्ये एसव्हीजी लहान-मोठं आणि ताजं कसं ठेवायचं

दूध शीतकरण केंद्रांच्या कंट्रोल रूमसाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. मुख्य स्क्रीनवर सगळ्या प्लॅन्टचं चित्र असतं: टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह, पंप. पातळी सतत हलत असते, व्हॉल्व्ह उघडला की हिरवा होतो. ऑपरेटरचा मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, मॅनेजरच्या लॅपटॉपला १५० टक्के स्केलिंग, आणि दोन्हीकडे रेषा तितकीच स्वच्छ दिसायला हवी. चित्र मी इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये एसव्हीजी म्हणून काढतो (पिक्सेलऐवजी रेषा आणि आकार साठवणारी फाइल), प्रोग्रॅम पायथन आणि पायसाइड ६ मध्ये, म्हणजे खिडक्या आणि बटणं बनवणारी क्यूटी लायब्ररी पायथनमधून वापरून.

कोडला हात लावण्याआधी फाइल नीट करून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. व्ह्यूबॉक्स आहे ना, ते बघा. माझा ० ० १६०० ९०० असतो, म्हणजे चित्राची स्वतःची मापं १६०० बाय ९००, स्क्रीन कुठलाही असो. हलणाऱ्या प्रत्येक भागाला आयडी द्या. इंकस्केपच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये आयडी आणि लेबल असे दोन वेगळे रकाने आहेत. कोडला सापडतो तो आयडीच. तो रोमन अक्षरांत, स्पेस न देता लिहा. शेवटी फाइल प्लेन एसव्हीजी म्हणून सेव्ह करा. क्यूटीचा एसव्हीजी वाचक मुळात २००८ च्या एसव्हीजी टायनी १.२ वर बेतलेला आहे. ६.७ पासून त्यात थोडी भर पडली, तरी ब्लर आणि फिल्टरच्या नादी लागू नका. सपाट रंग आणि साधे ग्रेडियंट पुरतात.

नुसतं चित्र दाखवायचं असेल तर क्यूएसव्हीजीविजेट घ्या (विजेट म्हणजे खिडकीतला एक तयार भाग). ते मुळात चित्र ताणून विजेटभर पसरवतं आणि गोल टाकी लंबगोल होते. त्याच्या रेंडररला (एसव्हीजी वाचून रंगवणारा भाग) आस्पेक्ट रेशो मोड 'कीप' सांगितला की हे थांबतं (ही सोय ५.१५ पासून आहे).

चित्रावर आकडे आणि पातळी दाखवायची असेल तर मात्र स्वतःचं विजेट लिहा. पेंटइव्हेंटमध्ये (विजेट रंगवायची वेळ आली की क्यूटी हे फंक्शन बोलावतं) रुंदी भागिले १६०० आणि उंची भागिले ९०० काढा, आणि त्यातला लहान आकडा घ्या. समजा जागा १३६६ बाय ७०० आहे. गुणोत्तरं येतात ०.८५४ आणि ०.७७८. लहान ०.७७८, म्हणजे चित्र साधारण १२४४ रुंद होणार. उरलेले १२२ पिक्सेल दोन्ही बाजूंना ६१-६१ सोडा. पेंटर (क्यूटीचा रंगवणारा ऑब्जेक्ट) आधी तितका सरकवा, मग स्केल करा. इथून पुढे सगळं चित्राच्याच मापात काढायचं. खिडकीचा आकार पुन्हा कुठेही विचारात घ्यावा लागत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली हीच सगळ्यात मोलाची शिस्त आहे.

न हलणारा भाग मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, व्ह्यूबॉक्स तोच. तो एकदाच पिक्समॅपवर, म्हणजे मेमरीतल्या पिक्सेलच्या चित्रावर, रंगवून ठेवायचा, नाहीतर जुना पीसी दर सेकंदाला सगळे पाइप नव्याने काढत बसतो. पिक्समॅपचा आकार डिव्हाइस पिक्सेल रेशोने (स्क्रीनचं स्केलिंग, १५० टक्क्यांना १.५) गुणा आणि तोच रेशो पिक्समॅपलाही सांगा. हे राहिलं की १५० टक्क्यांवर चित्र धूसर दिसतं. खिडकी ओढून मोठी करताना रिसाइझ इव्हेंटचा पाऊस पडतो. तेव्हा जुनाच पिक्समॅप ताणून दाखवा आणि १५० मिलिसेकंदांच्या सिंगल शॉट टायमरने नवा बनवा. खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर नेली की रेशो बदलू शकतो, म्हणून पेंटइव्हेंटमध्ये तो दर वेळी ताडून बघा.

आता पातळी. टाकीच्या आतल्या चौकोनाची जागा रेंडररच्या बाउंड्सऑनएलिमेंटकडून मिळते, पण त्यात वरच्या ग्रुपचं सरकणं धरलेलं नसतं. म्हणून ट्रान्सफॉर्मफॉरएलिमेंट घेऊन त्यातून चौकोन मॅप करा. चौकोन वरून २०० वर सुरू होतो, उंची ४००, पातळी ६५ टक्के: दुधाची उंची २६०, आणि रंग ३४० पासून खाली. एसव्हीजीत वाय खाली वाढतो, हे ध्यानात असू द्या. टाकी आडवी दंडगोल असेल तर आधी एक गोष्ट ठरवून घ्या: उंची दाखवायची की लिटर? पाव उंचीपर्यंत भरलेल्या आडव्या टाकीत दूध जेमतेम साडेएकोणीस टक्के असतं. ऑपरेटर त्या चित्रावरून टँकर बोलावतो, तेव्हा हा फरक साधा नाही.

व्हॉल्व्हसाठी उघडा आणि बंद अशी दोन चित्रं वेगवेगळ्या आयडीने ठेवा आणि हवं ते रेंडर करा. एक्सएमएल उघडून रंग बदलण्यापेक्षा मला हे जास्त आवडतं. चित्रकाराला हवं तर रंगासोबत आकारही बदलता येतो. एक्सएमएलच बदलायचं असेल तर स्टाइल अ‍ॅट्रिब्यूट बघा. इंकस्केप रंग तिथे लिहितो आणि नियमाने स्टाइल फिलवर (रंगाचं वेगळं अ‍ॅट्रिब्यूट) मात करते. नुसता फिल बदलून भागत नाही.

पीएलसी (प्लॅन्टची यंत्रं चालवणारा कंट्रोलर) वाचणाऱ्या थ्रेडने, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाने, विजेटला थेट हात लावू नये. त्याने सिग्नल पाठवावा. मुख्य थ्रेडने किंमत खरंच बदलली असेल तरच अपडेट बोलवावं, रीपेंट नाही. अपडेट एकापाठोपाठ आलेल्या मागण्या एकत्र करून एकदाच रंगवतं.

मराठी अक्षरं एसव्हीजीत ठेवू नका. फॉन्ट अ‍ॅपसोबत द्या आणि पेंटरनेच लिहा. बारीक रेषा लहान स्क्रीनवर पुसट होत असतील तर त्यांना व्हेक्टर इफेक्ट 'नॉन-स्केलिंग-स्ट्रोक' लावा.

मॅनेजरचा लॅपटॉप हाताशी नसला तरी तपासणी अडत नाही. एन्व्हायर्नमेंटमध्ये क्यूटी_स्केल_फॅक्टर १.५ देऊन अ‍ॅप सुरू करा, खिडकी कोपऱ्यातून ओढून लहान-मोठी करा, आणि टाकीच्या कडा व दुधाची पातळी जागची हलत नाही ना, ते बघा.