मस्टँगच्या एसी कंप्रेसरचा घट्ट बेल्ट बदलताना

फोर्ड मस्टँग जीटी 2016 साली उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह भारतात अधिकृतपणे विकायला आली. तिच्या 5.0 लिटर व्ही-8 इंजिनावर एसी कंप्रेसरसाठी वेगळा, आखूड बेल्ट असतो, आणि प्रथमच बॉनेट उघडणारा माणूस हा बेल्ट सैल करण्याचा बोल्ट शोधत बसतो. तसा बोल्ट तिथे नसतोच, ताण देणारी स्वयंचलित पुलीही नसते. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची पुली आणि कंप्रेसरची पुली यांच्यातील अंतर कायमचे ठरलेले असते, आणि बेल्ट त्या अंतराला पुरून उरेल इतका लांब नसून मुद्दाम थोडा आखूड केलेला असतो. तो ताणूनच चढवायचा असतो, आणि चढल्यानंतर आकसण्याची त्याची धडपड हाच त्याचा ताण. बेल्ट घट्ट आहे ही तक्रार त्यामुळे चुकीची ठरते, कारण घट्टपणा हाच त्याचा गुण आहे. मुद्दा उरतो तो एवढाच की त्या घट्टपणाशी झटापट न करता काम कसे उरकावे.

या प्रकाराला बाजारात स्ट्रेच बेल्ट म्हणतात. साध्या बेल्टच्या पोटात सहसा पॉलिएस्टरचे न ताणणारे दोरे असतात, तर स्ट्रेच बेल्टमध्ये नायलॉनच्या जातीचे, ताण दिल्यावर थोडे लांबून पुन्हा मूळ मापाकडे येणारे दोरे घातलेले असतात. दोन्ही बेल्ट बाहेरून एकसारखेच दिसतात, म्हणून सुटे भाग विकणाऱ्याने जुन्या बेल्टशेजारी धरून लांबी जुळवून दिलेला बेल्ट घेऊ नये. जुना बेल्ट वापराने वाढलेला असतो, नवा मूळ मापाचा असतो, आणि गाडीच्या मॉडेल वर्षावरून काढलेला पार्ट नंबर हाच खरा आधार. साधा बेल्ट या जागी बळजबरीने चढवला तर त्याचे दोरे तुटतात किंवा बेअरिंगवर नको इतका भार येतो. उलट, ताण देणारी पुली असलेल्या गाडीला स्ट्रेच बेल्ट लावणेही तितकेच चूक आहे.

बेल्ट चिवचिवतो म्हणून बदलायचा असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी तो आवाज खरोखर याच बेल्टचा आहे ना, याची खात्री करावी. इंजिन चालू असताना हात, बाही आणि गळ्यातील ओढणी वा साखळी दूर ठेवून, बेल्टच्या धारांकडील, म्हणजे पुलीच्या चरांत बसणाऱ्या उभ्या उंचवट्यांच्या बाजूवर बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारावा. चिवचिव क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाली तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त, आणि किंचाळणे उलट वाढले तर ताण कमी पडला आहे असे समजावे. पहिल्या प्रकारात नवा बेल्ट लावून काहीच साधत नाही, तोही थोड्याच दिवसांत तसाच ओरडू लागतो. हल्लीच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराचे बेल्ट पूर्वीच्या बेल्टसारखे भेगाळत नाहीत, ते टायरप्रमाणे झिजतात. त्यामुळे भेगा दिसत नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हा गॅरेजमधील जुना ठोकताळा आता चालत नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. गाडी सपाट फरशीवर जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी, मागच्या चाकांना अडणी लावावी आणि खालचे प्लास्टिकचे आवरण काढावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. गिअर ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये राहू द्यावा, त्या स्थितीत चाके अडतात पण इंजिन हाताने फिरवता येते. हाताचा गिअर असेल तर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा. आता क्रँक पुलीवरील दोन बेल्टची जागा नीट पाहावी. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवणारा लांब बेल्ट पुढच्या चरांत आणि एसीचा मागच्या चरांत असेल, तर आधी पुढचा काढल्याशिवाय मागच्याकडे हात पोहोचत नाही. पुढच्या बेल्टला ताण देणारी पुली असते, म्हणून तो पुली फिरवून उतरवता येतो आणि चांगला असल्यास पुन्हा वापरताही येतो. फक्त उतरवण्यापूर्वी त्याच्या मार्गाचा फोटो काढून ठेवावा. या गाडीचे स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालते, त्यामुळे त्याच्या पंपाचा तिसरा बेल्ट मध्ये येत नाही, हे एक सुख.

जुना एसी बेल्ट उतरवण्याचा प्रयत्नच करू नये, तो कापावा. धारदार कात्रीने किंवा कटरने, चेहरा बाजूला ठेवून आणि डोळ्यांवर चष्मा लावून कापावा, कारण ताणलेला बेल्ट तुटताना फटका मारतो. एकदा उतरवलेला स्ट्रेच बेल्ट पुन्हा बसवू नये, असेच उत्पादक सांगतात, म्हणून तो वाचवण्यात काहीच मिळत नाही. बेल्ट निघाल्यावर कंप्रेसरची पुली बोटांनी फिरवून पाहण्याची संधी मात्र दवडू नये. एसी बंद असताना ती कंप्रेसरच्या क्लचपासून सुटी फिरते. तिच्यात खरखर किंवा डुलणे जाणवले तर तिचे बेअरिंग संपत आले आहे, आणि ते तसेच ठेवून वर नवा बेल्ट चढवणे म्हणजे पैसे पाण्यात. पुल्यांच्या चरांत अडकलेली रबराची पूड आणि खडे ब्रशने काढावेत, तेलाचा डाग असला तर पुसावा आणि तेल कुठून येते ते शोधावे. बेल्टवर कसलाही रासायनिक स्प्रे मारू नये.

आता मुख्य भाग. या ठिकाणी बहुतेक जण टॉमी किंवा मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून बेल्ट पुलीच्या कडेवरून ओढतात. बेल्ट चढतो, हे खरे. पण रबराच्या आतील एखादा दोरा चिरतो, पुलीच्या कडेला खाच पडते, आणि काही महिन्यांनी त्याच जागी बेल्टचा एक धागा बाहेर लोंबू लागतो. हे टाळण्यासाठी एक छोटे साधन मिळते. पुलीच्या कडेवर बसणारा हा तुकडा पुलीबरोबर फिरतो आणि बेल्टला हळूहळू चरात ढकलतो. आधी नवा बेल्ट कंप्रेसरच्या पुलीवर सर्व चरांत नीट बसवावा, मग क्रँक पुलीवर जेवढा सहज जाईल तेवढा चढवावा आणि जिथे तो अडतो तिथे साधन लावावे. एकाने खालून क्रँकच्या मधल्या बोल्टवर लांब दांड्याची गोटी (सॉकेट) लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने, म्हणजे समोरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे, सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने बेल्टवर लक्ष ठेवावे. या बोल्टला उलट दिशेने जोर कधीही देऊ नये, तो सैल होऊ शकतो. दाब तयार होणाऱ्या सिलिंडरमुळे दांडा मध्येच जड होतो. त्या वेळी हिसका न देता दाब ओसरेपर्यंत थांबावे. बहुधा एका फेऱ्याच्या आतच बेल्ट टपकन जागेवर बसतो. स्टार्टर मारून तो चढवण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली तर तिथेच मोडून काढावी, त्यात बोटे जातात.

काही कारागीर कंप्रेसरचे बोल्ट ढिले करून बेल्ट चढवतात आणि मग बोल्ट आवळून कंप्रेसर जागेवर ओढतात. मला ही पद्धत पटत नाही, कारण बेल्टचा सगळा ताण ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधील आट्यांवर येतो आणि वायूच्या नळ्यांनाही पीळ पडतो. नळीचा जोड सैल झालाच तर बेल्टपेक्षा कितीतरी महागडे काम मागे लागते.

साधन काढून इंजिन हाताने आणखी दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि आरशातून दोन्ही पुल्यांवर बेल्टची प्रत्येक धार स्वतःच्या चरात आहे का ते पाहावे. एक जरी धार बाहेर राहिली तरी बेल्ट काही मिनिटांत फाटतो. पुढचा बेल्ट फोटोप्रमाणे लावावा, क्रँकच्या बोल्टवरील गोटी काढल्याची स्वतः हात लावून खात्री करावी आणि मगच बॅटरी जोडावी. इंजिन पाच मिनिटे एसी बंद ठेवून, नंतर तेवढाच वेळ एसी चालू ठेवून ऐकावे. या बेल्टचा ताण पुन्हा जुळवावा लागत नाही. तरीही खालचे आवरण लगेच न बसवता गाडी एकदा गल्लीतून फिरवून आणावी, इंजिन बंद करून बेल्टची कड पुन्हा तपासावी, आणि ती पुलीच्या कडेशी समांतर दिसली तरच आवरणाचे स्क्रू लावावेत.