रशियन इतिहासावर काम करताय? मग या चुका टाळा

रशियाच्या इतिहासावर मराठीत लिहिणारी, त्यात एमए-पीएचडी करणारी मंडळी आता बऱ्यापैकी दिसतात आणि ही फार चांगली गोष्ट आहे, पण त्यांचं लिखाण वाचताना त्याच त्याच ठिकाणी पाय घसरलेला दिसतो. वाचन कमी असतं असं नाही, मेहनतही असते, फक्त समोर आलेली तारीख किंवा आकडा कोणी, कधी आणि कशासाठी लिहून ठेवला हे विचारायचं राहून जातं. रशियाच्या बाबतीत हे राहिलं की पुढचं सगळं गडबडतं. तर नेहमी होणाऱ्या चुका कुठल्या आणि त्या पकडायच्या कशा, ते बघू.

तारखांचा घोळ

सगळ्यात जास्त चुका इथेच. रशियात जुनं ज्युलियन कॅलेंडर थेट १९१८ पर्यंत चालू होतं, ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस एकदम १४ फेब्रुवारी धरला गेला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मग लोक सरसकट १३ दिवस मिळवत सुटतात. १३ दिवसांचा फरक विसाव्या शतकातला आहे, एकोणिसाव्या शतकात तो १२ आणि अठराव्यात ११ होता. म्हणजे भूदासांच्या (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांच्या) मुक्तीचा जाहीरनामा १९ फेब्रुवारी १८६१ चा, तो नव्या कॅलेंडरने ३ मार्चला येतो, ४ मार्चला नाही.

त्याहून वाईट चूक म्हणजे एकदा बदललेली तारीख परत बदलणं. इंग्रजी पुस्तकात नवी तारीख दिलेली असते, आपण ती जुनी समजतो आणि वर अजून १३ दिवस चढवतो. यावर साधा उपाय म्हणजे वार बघा. कॅलेंडर कुठलंही असो, वार बदलत नाही. १९०५ चा ‘रक्तरंजित रविवार’, म्हणजे पीटर्सबर्गमध्ये मोर्चावर गोळीबार झाला तो दिवस, जुन्या पद्धतीने ९ जानेवारीला झाला आणि नव्या पद्धतीने २२ जानेवारीला, दोन्हीकडे रविवारच. पण नव्या कॅलेंडरमधला ९ जानेवारी १९०५ काढून बघा, तो सोमवार निघतो. डायरीत, पत्रात, पोलिसांच्या रिपोर्टमध्ये वार लिहिलेला असेल तर तो सोडू नका, तोच तुमचा पुरावा.

आता १७०० च्या आधीचं काम करत असाल तर अजून एक गाठ आहे. तेव्हा वर्षं जगाच्या उत्पत्तीपासून मोजायचे आणि वर्ष सुरू व्हायचं १ सप्टेंबरला. पीटर द ग्रेटने ७२०८ सालचा डिसेंबर संपला की १७०० चा जानेवारी सुरू, असा हुकूम काढला तेव्हा कुठे हे थांबलं. त्यामुळे जानेवारी ते ऑगस्ट असेल तर ५५०८ वजा करायचे आणि सप्टेंबर ते डिसेंबर असेल तर ५५०९. जानेवारी ७१५७ म्हणजे १६४९, पण सप्टेंबर ७१५७ म्हणजे १६४८. महिनाच दिलेला नसेल तर जबरदस्तीने एक साल ठोकू नका, १६४८-४९ असं जोडीने लिहा, कोणी नावं ठेवणार नाही. पंधराव्या शतकाच्या शेवटापर्यंत तर मार्चपासून वर्ष धरायचीही पद्धत होती, त्यामुळे त्या काळातल्या बखरी वाचताना जास्तच सांभाळून.

अफनासी निकितीनचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. रशियातल्या त्वेर शहराचा हा पंधराव्या शतकातला व्यापारी चौल बंदरात उतरला, पालीवरून जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला, पुढे बिदरला गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे आणि त्याच्यावर मराठीत खूप लिहिलं जातं, पण वर्षं मात्र प्रत्येक लेखात वेगळी. कारण असं की त्याच्या टिपणांत सालं दिलेलीच नाहीत, तो परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला आणि त्याच्या वह्या मॉस्कोला पोचल्याची नोंद बखरीत ६९८३ या सालाखाली येते, म्हणजे १४७४-७५. आधी त्याचा प्रवास १४६६ ते १४७२ असा धरायचे, नंतर त्याने सांगितलेले ईस्टर आणि मुस्लिम सण कधी कधी आले याचा मेळ घालून ती वर्षं दोन-तीन वर्षं पुढे सरकवली गेली. तुम्ही कुठली गणना घेताय ते लिहा, नाहीतर एका परिच्छेदात जुनी आणि दुसऱ्यात नवी असं होतं. आणि फक्त १८५७ सालच्या जुन्या इंग्रजी भाषांतरावर विसंबू नका. मूळ मजकुराच्या एकाहून जास्त प्रती आहेत, त्या प्रत्येक ठिकाणी जुळत नाहीत, आणि मध्येच तो तुर्की-फारसी-अरबीच्या मिश्रणात लिहायला लागतो, बऱ्याचदा अगदी मनातलं काही लिहायचं असेल तेव्हा. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदल म्हणून धमकावलं तो प्रसंग वाचला की या माणसाची घालमेल कळते, पण ती नीट कळायला रशियन टीपांसकटची आवृत्तीच उघडावी लागते.

माणसं किती, हे मोजताना

जुन्या कागदात अमुक जमीनदाराकडे ५०० ‘आत्मे’ होते असं येतं, आणि आपल्याकडचे लेख ‘५०० भूदास’ लिहून मोकळे होतात. करासाठी १७१९ पासून १८५८ पर्यंत अशा दहा मोजण्या झाल्या आणि कराचा आत्मा म्हणजे फक्त पुरुष, त्यात तान्हा मुलगाही आला आणि म्हाताराही आला. बाया त्यात नाहीत. म्हणजे प्रत्यक्षात त्या जमीनदाराच्या ताब्यात हजाराच्या आसपास माणसं होती. एवढी एक गोष्ट चुकली की दरडोई जमीन, दरडोई कर, सगळं गणित दुपटीने बिघडतं.

तसंच सगळे रशियन शेतकरी भूदास होते हेही लिहू नका. सरकारी जमिनीवरच्या शेतकऱ्यांचा भलामोठा वर्ग वेगळा होता, त्यांच्यासाठीचा कायदा १८६६ मध्ये आला, आणि सायबेरियात जमीनदारांची भूदासी जवळजवळ नव्हतीच.

मग १८९७ ची जनगणना. साम्राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या थोडी वर. त्यात रशियन किती, तर कुठे ४४ टक्के दिसतं कुठे ६६, आणि लोक म्हणतात यातला एक आकडा चुकलाय. दोन्ही बरोबर आहेत! त्या जनगणनेत वंश किंवा राष्ट्रीयत्व विचारलंच नव्हतं, मातृभाषा आणि धर्म विचारला होता, आणि सरकारी हिशोबात आजचे युक्रेनियन आणि बेलारूशियनसुद्धा ‘रशियन’ या मोठ्या खान्यात टाकले जायचे. मोठा खाना घेतला की ६६ च्या वर, फक्त आजच्या अर्थाने रशियन बोलणारे घेतले की ४४. तुमच्या तक्त्याखाली हे एका ओळीत लिहा, कारण हा फरक न सांगणं म्हणजे साम्राज्याचं म्हणणं आपल्या तोंडून परत वदवणं आहे.

सोव्हिएत आकडे

इथे मी जरा जास्त थांबणारे, कारण इथे माणसांच्या जिवाचा हिशोब आहे.

स्टालिनने १९३४ मध्ये कम्युनिस्ट पार्टीच्या अधिवेशनात सांगितलं की १९३३ च्या अखेरीस देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख झाली. मग जानेवारी १९३७ मध्ये जनगणना झाली आणि आकडा आला साधारण १६ कोटी २० लाख. तीन वर्षांनी, आणि कमी. मधल्या दुष्काळात, भूकबळींत, हद्दपारीत गेलेली माणसं त्या आकड्यात दिसायला लागली होती. सरकारने ती जनगणनाच सदोष म्हणून रद्द केली, ती घेणाऱ्या तज्ज्ञांना अटक केली, काहींना गोळ्या घातल्या, आणि १९३९ मध्ये नवी जनगणना घेऊन १७ कोटींचा आकडा जाहीर केला. १९३७ चे कागद बाहेर यायला सोव्हिएत युनियन मोडकळीला यावा लागला. गंमत म्हणून नाही पण लक्षात ठेवण्यासारखं आहे की त्याच जनगणनेत धर्माचाही प्रश्न होता, आणि वीस वर्षांच्या नास्तिक प्रचारानंतरही १६ वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपण श्रद्धाळू असल्याचं सांगितलं होतं.

म्हणून तिशीच्या दशकावर लिहिताना १९२६ च्या जनगणनेवरून थेट १९३९ च्या जनगणनेवर उडी मारू नका. पिकांच्या आकड्यांचंही असंच, १९३३ पासून धान्याचं उत्पादन खळ्यावर मोजून नाही तर शेतात उभ्या पिकाच्या अंदाजाने लिहायला लागले, आणि कापणी, वाहतूक, साठवण यात जे वाया गेलं ते कागदावर तसंच राहिलं. १९३२ आणि १९३३ चे आकडे शेजारी ठेवून ‘उत्पादन वाढलं’ असं लिहिणारा तक्ता दिसला तर तो बिनदिक्कत बाजूला ठेवा.

पोलिसांच्या फाइलींबद्दल पण हेच. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि अवनी मुखर्जी, दोघंही भारतीय क्रांतिकारक, दोघांनाही १९३७ मध्ये सोव्हिएत युनियनमध्ये गोळ्या घालून मारलं. त्या काळच्या फाइलींमधला हेरगिरीचा कबुलीजबाब मारझोड करून, झोपू न देऊन काढलेला असू शकतो, तो घडलेल्या घटनेचा पुरावा म्हणून वापरायचा नसतो, चौकशी कशी चालायची याचा पुरावा म्हणून वापरता येतो. अजून एक सापळा म्हणजे मृत्यूचे दाखले. पन्नाशीच्या दशकात केजीबीच्या (सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या) सूचनेवरून नातेवाइकांना खोटी तारीख आणि आजाराचं खोटं कारण टाकलेले दाखले दिले गेले, त्यामुळे जुन्या चरित्रांत ‘१९४२ साली छावणीत न्यूमोनियाने निधन’ अशा छापाचं काही दिसलं तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नंतर बाहेर आलेल्या कागदांशी ताडून बघितल्याशिवाय उचलू नका.

छापलेलं आहे म्हणून खरं धरणं

आपल्याकडे अनेक घरांत, वाचनालयांत अजूनही मॉस्कोहून छापून आलेली स्वस्त आणि देखणी मराठी-इंग्रजी पुस्तकं आहेत, त्यांनी एका पिढीला वाचायला लावलं आणि त्याबद्दल मला मनापासून प्रेम आहे. पण संदर्भ म्हणून वापरताना आवृत्तीचं साल आधी बघा, कारण साल बदललं की मजकूर बदलायचा. बृहद् सोव्हिएत ज्ञानकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पाचव्या खंडात स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याच्यावर मोठा लेख होता. १९५३ मध्ये बेरियाला अटक झाली, मग वर्गणीदारांना नवी पानं पाठवली गेली आणि सांगितलं गेलं की जुनी पानं कापून काढा आणि ही चिकटवा, त्या पानांत बेरिंग समुद्राबद्दल भरघोस माहिती होती. त्यामुळे तुमच्या हातातला खंड आणि दुसऱ्याच्या हातातला खंड एकच आहे असं गृहीत धरू नका.

‘पीटर द ग्रेटचं मृत्युपत्र’ तर मराठीत अजून फिरतंय, त्यात म्हणे त्याने वारसांना कॉन्स्टँटिनोपल आणि हिंदुस्थानाच्या दिशेने सरकायला सांगितलं. असलं मृत्युपत्र नाहीच. पीटर १७२५ मध्ये वारसाचं नावसुद्धा न सांगता गेला, आणि हा मजकूर नेपोलियन रशियावर चालून गेला त्या १८१२ सालात पॅरिसमध्ये छापला गेला. ब्रिटिशांनी हिंदुस्थानावरच्या रशियन धोक्याची भीती पसरवायला तो वापरला, तेव्हा त्या भीतीचा इतिहास लिहिताना तो जरूर घ्या, पीटरचं धोरण सांगताना नको.

सर्च करून काही सापडत नसेल तर

बऱ्याचदा गाव सापडत नाही कारण नावच बदललेलं असतं. त्वेर १९३१ ते १९९० कलिनिन होतं, निझ्नी नोव्हगोरोद १९३२ ते १९९० गोर्की, समारा १९३५ ते १९९१ कुइबिशेव. पीटर्सबर्ग परत जुन्या नावावर आलं तरी त्याच्या भोवतीचा प्रांत आजही लेनिनग्राद प्रांतच आहे. आणि वेलीकी नोव्हगोरोद आणि निझ्नी नोव्हगोरोद ही दोन वेगळी शहरं आहेत, यात चांगले चांगले फसतात. १९१८ आधीच्या पेपरांत शोधताना जुन्या स्पेलिंगने शोधा, शब्दाच्या शेवटी जादा अक्षर असायचं आणि आता बाद झालेली दोन-तीन अक्षरं वापरात होती, आजच्या स्पेलिंगने बरंच काही निसटतं.

अर्काइव्हचे संदर्भही असेच फसवतात. पार्टीचं मॉस्कोतलं जुनं अर्काइव्ह १९९१ नंतर एका नावाने आणि १९९९ पासून रगास्पी या नावाने ओळखलं जातं, त्यामुळे एकच कागद तीन पुस्तकांत तीन नावांखाली दिसतो आणि आपल्याला वाटतं पुरावे तीन आहेत. फोंद (संग्रह), ओपीस (यादी), देलो (फाइल) हे तीन नंबर जुळतात का बघा, जुळले तर कागद बहुधा एकच.

सध्या मॉस्कोला जाऊन बसणं सगळ्यांना जमणारं नाहीये, पण म्हणून काम अडत नाही. हेलसिंकीच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १८२८ ते १९१७ मधल्या रशियन छापील साहित्याचा प्रचंड साठा आहे, हार्वर्डने १९५०-५१ मध्ये सोव्हिएत निर्वासितांच्या घेतलेल्या मुलाखती ऑनलाइन आहेत, आणि मध्य आशियावर काम असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल घरबसल्या उघडतं, ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या फाइली तिथे आहेत. भाषा मात्र शिकाच, पुणे आणि मुंबई विद्यापीठात रशियन शिकवतात, आणि छापील अक्षरांसोबत हस्ताक्षर वाचायचा सराव पहिल्या वर्षापासून करा, कारण हाताने लिहिलेलं रशियन छापील रशियनपेक्षा खूपच वेगळं दिसतं.

आणि प्रत्यक्ष फाइल हातात आली तर आधी आतला तो कागद बघा ज्यावर आधीच्या वाचकांनी नाव, तारीख आणि कुठली पानं वापरली ते लिहिलेलं असतं. ओळखीच्या इतिहासकाराचं नाव दिसलं तर रात्री त्याचं पुस्तक परत काढा आणि त्याने त्या फाइलमधून काय घेतलं, काय सोडलं ते पानागणिक ताडून बघा.