पायाभूत प्रकल्पासाठी सल्लागार अभियंता नेमताना

वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेत रस्ते, पूल, पाणी आणि वीज यांची मागणी एकदमच येते. त्या घाईत सल्लागार अभियंत्याला बोलावले जाते ते बहुधा जागा ठरल्यावर आणि अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर, केवळ नकाशे काढून देण्यासाठी. शाश्वततेच्या दृष्टीने महत्त्वाचे बहुतेक निर्णय तोवर होऊन गेलेले असतात. म्हणून नेमणूक संकल्पनेच्या टप्प्यावरच करावी आणि पहिले काम म्हणून पर्यायांची तुलना मागावी. जलवाहिन्यांची गळती रोखली तर नवे जलशुद्धीकरण केंद्र किती वर्षे पुढे ढकलता येईल, जुना पूल मजबूत करून चालेल का, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांसह मिळाली पाहिजेत.

सल्लागाराच्या कार्यकक्षेत, म्हणजे त्याच्या कामाची व्याप्ती ठरवणाऱ्या कागदात, ‘आराखडा पर्यावरणपूरक असावा’ एवढेच लिहून भागत नाही, कारण त्याचा अर्थ ज्याला जसा सोयीचा तसा लावता येतो. बांधकाम, ऊर्जा, देखभाल, दुरुस्ती आणि अखेरीस पाडकाम असा संपूर्ण आयुर्मानाचा खर्च मागावा आणि तो दोन वेगवेगळ्या वटाव दरांनी (भविष्यातला खर्च आजच्या किमतीत आणण्याच्या दरांनी) मांडायला सांगावा. दर चढा धरला की वीस वर्षांनंतरची दुरुस्ती कागदावर जवळजवळ फुकट दिसू लागते.

मानधनाचा प्रश्न नाजूक असला तरी टाळू नये. प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीत मानधन ठरवले, तर खर्च वाचवणाऱ्या सल्लागाराचेच उत्पन्न घटते. ही पद्धत इतकी रूढ कशी राहिली, याचे मला नवल वाटते. टप्प्यांनुसार ठरलेली रक्कम द्यावी. निवडीतही गुणवत्तेला ८० आणि दराला २० असे भारांक ठेवणे योग्य, कारण संकल्पनेवरचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो आणि तिथे केलेली काटकसर पुढे महागात पडते.

अहवाल हाती आल्यावर सर्वप्रथम गृहीतके वाचावीत. रस्त्याखालून पाणी जाऊ देणारी एखादी मोरी सरासरी ५० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी बेतली असेल, तर तिच्या ५० वर्षांच्या आयुष्यात तेवढा किंवा त्याहून मोठा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते, हे कितीतरी मंजुरी देणाऱ्यांना ठाऊक नसते. त्यातच तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे केवळ जुन्या पर्जन्यनोंदींवर विसंबलेला आकार अपुरा ठरू शकतो. रस्त्यांच्या बाबतीत आसभाराची, म्हणजे वाहनाच्या एकेका आसावर येणाऱ्या वजनाची, प्रत्यक्ष मोजणी मागावी. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांतून पुढे आलेल्या चतुर्थ घाताच्या नियमानुसार (झीज भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते) आसावरचा भार २० टक्क्यांनी वाढला, तर रस्त्याची झीज साधारण दुप्पट होते, आणि मालवाहतूक झपाट्याने वाढत असताना गाड्या जादा भरल्या जाणे ओघानेच येते.

साहित्याच्या बाबतीत सर्वाधिक लक्ष सिमेंटकडे द्यावे, कारण जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात त्याचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. सिमेंटचा काही भाग वगळून त्याजागी औष्णिक वीज केंद्रातली उडती राख किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतली धातुमळी (स्लॅग) वापरता येते. मात्र अशा काँक्रीटला ताकद सावकाश येते. २८ दिवसांच्या ताकदीची अट तशीच राहिली, तर ती पुरी करण्यासाठी कंत्राटदार पुन्हा सिमेंटच वाढवतो आणि मूळ हेतू बाजूला पडतो. पाया किंवा जाड भिंतीसारख्या, भार उशिरा येणाऱ्या भागांसाठी ५६ दिवसांची ताकद ग्राह्य धरावी, ओले ठेवण्याचा कालावधी वाढवावा आणि साचे काढण्याचे वेळापत्रक त्यानुसार आखावे. हे सारे निविदेपूर्वीच तपशीलपत्रकात आले पाहिजे. काम सुरू झाल्यावर केलेली सूचना जादा दराच्या मागणीचे निमित्त ठरते.

भूतांत्रिक तपासणीत, म्हणजे जागेवरची माती आणि खडक तपासण्यात, काटकसर करू नये, एवढे सांगणे पुरेसे आहे.

देखरेखीचे काम शक्यतो संकल्पना करणाऱ्या सल्लागाराकडेच ठेवावे आणि दोषदायित्वाचा कालावधी (काम पूर्ण झाल्यावर कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) संपेपर्यंत त्याला बांधून घ्यावे. हस्तांतरणाच्या वेळी प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे दुरुस्त केलेले नकाशे आणि देखभाल पुस्तिका मिळाल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये. पुलाच्या नकाशात बेअरिंग (खांब आणि वरचा भाग यांच्यामधले आधार) बदलण्यासाठी जॅक कुठे बसवायचे, त्या जागा दाखवल्या आहेत का आणि तिथवर माणूस पोहोचू शकतो का, हे स्वाक्षरीआधी तपासावे. बेअरिंगचे आयुष्य पुलापेक्षा कमी असते आणि ती सोय नसेल, तर बदलण्याच्या वेळी पुलावरची वाहतूक दीर्घकाळ बंद ठेवावी लागू शकते.