इन्फ्रारेड फोटो काढायचेत? आधी रिमोट शोधा

डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टिपायला लेन्सवर खास फिल्टर लागतो. तो विकत घेण्याआधी टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर टोकाचा दिवा जांभळट-पांढरा चमकला, तर कॅमेरा थोडंफार इन्फ्रारेड पकडतो. दिसलाच नाही, तर पैसे वाचले!

सुरुवातीला ७२० नॅनोमीटरचा फिल्टर घ्या, म्हणजे साधारण त्याहून लांब लहरींचाच प्रकाश आत सोडणारा (होया कंपनीचा आर७२ त्यातलाच). तो जवळजवळ काळा असतो, त्यामुळे ट्रायपॉडवर फ्रेम आणि फोकस आधी ठरवा, फोकस मॅन्युअलवर टाका आणि मगच फिल्टर हलक्या हाताने फिरवून बसवा. व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) झाका, म्हणजे मागून प्रकाश शिरणार नाही. भर दुपारच्या उन्हातही एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ २०० (प्रकाशाची संवेदनशीलता) ला एका फोटोला १० ते ३० सेकंद लागू शकतात. वारा असेल तर पानांचा धूर होतो, मला तो आवडतो.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला धरायचं ते) उन्हातल्या हिरव्या गवतावरून घ्या, नाहीतर सगळं कुंकवासारखं लाल दिसेल. मग फोटोशॉपच्या चॅनल मिक्सरमध्ये रेड आउटपुटला रेड ०, ब्लू १०० करा आणि ब्लू आउटपुटला उलट, म्हणजे लाल-निळ्याची अदलाबदल. आकाश निळं होतं, झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी. पावसाळ्यानंतरची कोवळी हिरवळ यासाठी झकास. उन्हाळ्यातलं वाळकं गवत मात्र निराश करतं.