स्थलांतर विभागात संशोधन व मूल्यमापनाची क्षमता कशी उभारावी

विभागात संशोधन व मूल्यमापन कक्ष स्थापन करताना आधी संख्याशास्त्रज्ञ नेमू नयेत. धोरणकर्त्यांसोबत बसून, येत्या काळात कोणते निर्णय घ्यायचे आहेत आणि त्यांसाठी काय माहीत असायला हवे, याची लेखी यादी करावी. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने प्रमुख केंद्रीय खात्यांना अशी यादी आणि मूल्यमापन अधिकारी बंधनकारक केले आहेत.

सर्वाधिक कष्ट नोंदींवर घ्यावेत. त्रुटीमुळे परत पाठवलेला अर्ज एका कार्यालयात ‘प्रलंबित’ आणि दुसऱ्यात ‘निकाली’ धरला जात असेल, तर निर्णयाला लागणाऱ्या सरासरी काळाची तुलनाच निरर्थक ठरते. म्हणून प्रत्येक शेऱ्याचा नेमका अर्थ अर्ज हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांकडूनच समजून घेऊन लिहून ठेवावा. कॅनडाने प्रवेशाच्या नोंदी करविवरणांशी जोडल्यामुळे तेथे स्थलांतरितांच्या उत्पन्नाचा वर्षानुवर्षांचा माग काढता येतो.

अशी जोडणी करताना नावे व ओळख क्रमांक काढून टाकावेत, आणि संशोधनासाठी घेतलेली माहिती स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या शाखेकडे जाणार नाही, अशी लेखी हमी असावी; याबाबत तडजोड नकोच.

नवी योजना टप्प्याटप्प्याने लागू करावी, म्हणजे ती लागू झालेल्या आणि अजून न झालेल्या ठिकाणांची तुलना करता येते. अहवाल केव्हा प्रसिद्ध होईल, हे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच जाहीर करावे.